साध्या काचा

भोसरीला नाशिक रस्त्यावर युनूस मिस्त्रींचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा संसार. मुमताज त्यांची बायको. जुन्नरकडची, मराठी शाळेतून मॅट्रिक झालेली आणि तोंडानं फटकळ. तिला राग चटकन येतो हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. पाण्याच्या नळावर कुणी मध्ये घुसलं, की बाया आधी मुमताजच्या तोंडाकडे बघायच्या.

तिच्या डाव्या डोळ्याला धुक्याखेरीज काही दिसत नव्हतं, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होतं. डोळा बाहेरून टपोरा, सरळ. आईबापाला, मास्तरांना कधी शंकाही आली नाही. वयात यायच्या सुमारास एकदा उजव्या डोळ्यात भिंतीचा चुना गेला, त्यावर पट्टी बांधली, आणि पोरगी अंगणात चाचपडायला लागली, तेव्हा घरच्यांना कळलं. पुण्याच्या डॉक्टरांनी तिच्यासमोरच वडिलांना सांगितलं, "चार-पाच वर्षांची असताना आणली असतीत तर डोळा वाचला असता. आता राहू द्या." वडील मान खाली घालून बसले. मुमताजला त्यांची दया आली, पण रागही आला, आणि तो राग कुणावर काढावा हे तिला पुढे कितीतरी वर्षं कळलं नाही.

एकोणीसशे एकोणऐंशीचं आंतरराष्ट्रीय बालवर्ष आलं. पिंपरीकडच्या एका कंपनीच्या कॉलनीत साहेबांच्या बायकांचं महिला मंडळ होतं. त्यांनी आसपासच्या गावांतल्या बालवाड्यांत मुलांचे डोळे तपासायचं ठरवलं. चिंचवडला डॉक्टर दाभाडे म्हणून डोळ्यांचे म्हातारे डॉक्टर होते. ते म्हणाले, "मी गावोगाव हिंडू शकत नाही. तुमच्यातल्या चार बायका पाठवा, मी शिकवतो. ज्यांची शंका येईल तेवढी मुलं माझ्याकडे आणा. फुकट बघीन." मंडळाच्या अध्यक्षा सुमनताईंनी स्वयंसेविका हव्यात म्हणून सगळीकडे निरोप धाडले. कंपनीच्या दोन-तीन बस युनूसकडे दुरुस्तीला यायच्या, त्यामुळे निरोप गॅरेजपर्यंतही पोचला. दुसऱ्याच दिवशी मुमताज चिंचवडला जाऊन डॉक्टरांसमोर उभी राहिली.

डॉक्टरांनी शिकवलेलं काम सोपं होतं. इंग्रजी ई सारखी खूण काढलेले पुठ्ठे, मोठ्यापासून बारीकपर्यंत. मुलाला ठरलेल्या अंतरावर बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि खुणेची तोंडं कुठं आहेत ते हातानं दाखवायला सांगायचं. मुमताजनं त्या खुणेला कंगवा म्हणायला सुरुवात केली. "कंगव्याचे दात कुठं? वर? खाली? दाराकडं?" पोरं खिदळत हात उडवायची. डॉक्टर म्हणाले होते, "आणि एक ध्यानात ठेवा. एक डोळा झाकल्यावर पोर मजेत असेल आणि दुसरा झाकल्यावर रडायला लागलं, हात ढकलायला लागलं, तर समजा की तो झाकलेला डोळाच काय तो काम करतोय. ते पोर आधी आणा. डोळा आंधळा नसतो, मेंदूनं त्याचं ऐकायचं सोडलेलं असतं. लहानपणी पुन्हा ऐकायला लावता येतं. मोठेपणी नाही."

कॉलनीतल्या इतर बाया दोन फेऱ्यांतच थकल्या. मोशीच्या पुढचा धुरळा, एसटीची वाट बघणं, बालवाडीतली शेंबडी पोरं. शेवटी मुमताज एकटीच उरली. कुरुळीच्या बालवाडीत दुर्गाबाई शिकवायच्या. जुन्या कुरुळीकर, नऊवारी खोचून पोरांमागे धावणाऱ्या. त्यांनी मुमताजला भाकरी खाऊ घातली, पोरं धरून बसवली, शेजारच्या निघोज्यापर्यंत सोबत केली.

कुरुळीत हौसा नावाची चार वर्षांची पोरगी होती. आईबाप बीडकडचे. बाप ज्योतीराम भोसरीच्या ओतकामाच्या कारखान्यात शिफ्टला, आई छबूबाई शेतात मोलानं. मुमताजनं हौसाचा डावा डोळा झाकला. पोरगी भराभर कंगवे दाखवत सुटली. उजवा झाकला, तशी तिनं किंचाळून मुमताजचा हात ओरबाडला.

"लई हट्टी हाय ती," दुर्गाबाई म्हणाल्या. "कवाबी कायबी सांडती. बाप मारतो, तरी सुदरत न्हाई."

"दुर्गाबाई," मुमताज म्हणाली, "ती मुद्दाम सांडत नाही. तिला एका डोळ्यानं दिसत नाही." आणि ओरबाडलेल्या हातानंच तिनं हौसाचं नाव लिहून घेतलं.

निघोज्यात तशीच आणखी एक निघाली. इब्राहिम बांगडीवाल्याची फरीदा, पाच उलटलेली, शाळेच्या उंबऱ्यावर आलेली. दोन्ही गावं मिळून डॉक्टरांकडे न्यायची बारा-पंधरा मुलं झाली. मुमताजनं सुमनताईंना जाऊन सांगितलं. सुमनताई मनापासून खूश झाल्या. "अगं, केवढं काम केलंस तू! रविवारी कंपनीची बस देते. सगळ्यांना घेऊन ये."

मुमताज घरोघरी गेली. बायांनी कुरकुर केली, मजुरी बुडते म्हणाल्या, पोरीला चष्मा लागला तर पुढं तिला करून कोण घेणार असं छबूबाईनं विचारलं. मुमताजनं कुणाला समजावलं, कुणाला दरडावलं. रहमतबी, म्हणजे फरीदाची आई, घराबाहेर पडायला तयार नव्हती. तिला मुमताज म्हणाली, "भाभी, माझ्या भरवशावर चला." त्या भरवशावर सगळ्या आल्या, सोबतीला दुर्गाबाईही.

बस चिंचवडकडे वळायच्या ऐवजी कॉलनीच्या फाटकातून आत शिरली तेव्हाच मुमताज जागेवरून उठून उभी राहिली.

हॉलमध्ये झेंडूच्या माळा होत्या. स्टेजवर कापडी फलक होता, बालवर्षानिमित्त चष्मेवाटप. पुढच्या रांगेत साहेबांच्या बायका रेशमी साड्यांत, आणि मधोमध मुंबईहून आलेल्या पाहुण्या बाई, कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या पत्नी. फोटोवाला दिव्याची छत्री लावत होता.

"डॉक्टर कुठं आहेत?" मुमताजनं विचारलं.

सुमनताई घाईत होत्या. "अगं, बाईसाहेब आजच पुण्यात आहेत, उद्या परत चालल्या. डॉक्टरांना इकडे या म्हटलं तर ते म्हणाले, मी तपासल्याशिवाय चष्मा देत नाही आणि स्टेजवर बसत नाही. हट्टी म्हातारा. त्यांच्याकडे पुढच्या महिन्यात नेऊ. मुलांना ओळीनं उभं कर बघू."

मुलं ओळीनं उभी राहिली. कुणीतरी त्यांची तोंडं ओल्या रुमालानं पुसली. एका खोक्यातून चष्मे निघायला लागले. सगळे सारखे, काळ्या काड्यांचे. पाहुण्या बाई वाकून एकेका नाकावर चष्मा चढवायच्या, दिवा लखकन उडायचा, टाळ्या पडायच्या. हौसा चष्मा घालून पायऱ्या उतरताना शेवटच्या पायरीला अडखळली आणि तोंडावर पडता पडता राहिली. सगळे कौतुकानं हसले.

मुमताजनं तिला धरलं आणि चष्मा काढून हातात घेतला. डॉक्टरांच्या दवाखान्यात तिनं पाहिलं होतं, नंबराची काच अक्षरांवरून फिरवली की अक्षरं हलतात, मोठी-बारीक होतात. तिनं तो चष्मा हातातल्या कार्यक्रमाच्या कागदावर धरला, इकडून तिकडे फिरवला. अक्षरं जागची हलली नाहीत. तिनं शेजारच्या पोराचा चष्मा काढला. त्याचंही तेच. तिसऱ्याचंही तेच.

"सुमनताई, या साध्या काचा आहेत."

"हळू बोल. हो, साध्याच आहेत. अपाय तर नाही ना काही? बघ, मुलं किती खूश झालीत."

"खूश?" मुमताजचा आवाज चढला तो हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. "ही पोरं आज घरी जातील. आया म्हणतील, झालं, चष्मा मिळाला, आता डॉक्टर कशाला? आणि पुढच्या महिन्यात तुम्ही बोलवाल तेव्हा यांच्यातलं एक पोर यायचं नाही! डोळा जायचा तो जाईल, नाकावर तुमची खिडकीची काच राहील!"

टाळ्या थांबल्या. पाहुण्या बाईंनी कुणाकडे तरी वळून इंग्रजीत काय झालं म्हणून विचारलं. सुमनताईंचा चेहरा लालबुंद झाला. "मुमताज, ही जागा नाही."

पण मुमताज थांबण्याच्या पलीकडे गेली होती. ती ओळीतून फिरली, एकेका नाकावरचा चष्मा काढत आणि पुष्पगुच्छांच्या टेबलावर टाकत. एक पोरगं रडायला लागलं, मग दुसरं. ती रहमतबीसमोर आली तेव्हा रहमतबीनं फरीदाला पाठीशी घातलं.

"हात नको लावू. माझ्या पोरीला दिलाय तो."

"भाभी, फसवतायत तुम्हाला."

"चार लोकांत आमच्या हातचं काढून घेतेस? आपल्यातली असून?"

मागून छबूबाई पुढे आली. तिनं टेबलावरून एक चष्मा उचलला आणि हौसाच्या नाकावर घट्ट बसवला. "माय, तुमचं तुमच्यापाशी. आमाला कोन देतंय फुकट काही? दिलं ते बी तुमी घेता." एकामागून एक सगळ्या आयांनी आपापले चष्मे उचलले. मुमताज रिकाम्या टेबलापाशी उभी राहिली. इतकी अपमानित ती जन्मात झाली नव्हती, आणि अपमान साहेबांच्या बायकांनी केला असता तर तो तिनं सहज पचवला असता.

मुलांना गावी सोडायला निघालेल्या परतीच्या बसमध्ये तिच्याशी कुणी बोललं नाही. फक्त दुर्गाबाई शेजारी येऊन बसल्या.

"तू बोलली ते खरंच हाय गं. पन बोलायची ती जागा न्हवती."

"मग कुठली होती? गोठ्यात बोलले असते तर ऐकलं असतं त्यांनी?"

दुर्गाबाई इंद्रायणीचा पूल येईपर्यंत तिचा हात धरून बसल्या.

आठवडाभरात कंपनीच्या बस गॅरेजला यायच्या बंद झाल्या. युनूस सहसा आवाज चढवणारा माणूस नव्हता, पण त्या दिवशी त्यानं पाना फेकला तो पत्र्यावर आदळला. "कुणाच्या पोरांसाठी? त्या बायांनीच तुला तोंडघशी पाडलं! आणि धंदा माझा गेला!"

"माझ्यामुळे गेला. मी कबूल करते."

"कबूल करून काय करू मी? जरा गप्प बसली असतीस तर काय झालं असतं?"

"गप्प बसून काय होतं ते मला विचारा ना!" मुमताज ओरडली. "माझ्या घरचे सगळे गप्पच होते. एकानंही कधी माझ्या डोळ्यापुढं हात धरून पाहिला नाही. या पोरी तरी अजून चार-पाच वर्षांच्या आहेत. अजून वेळ आहे, आणि त्या बाया फोटो काढतायत!"

युनूसला तिचा डोळा अधू आहे हे माहीत होतं. तो वाचला असता, हे त्याला माहीत नव्हतं. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती आणि तिनं कधी सांगितलं नव्हतं. त्यानं हात पुसले, पडलेला पाना उचलला. मग म्हणाला, "रविवारी टेम्पो काढतो. जेवढी येतील तेवढी नेऊ. पण राग घरी ठेवून चल."

"राग घेऊनच येणार मी," मुमताज म्हणाली.

आधी ती कुरुळीला गेली. छबूबाईनं तिला बघून दार लोटून घ्यायचा प्रयत्न केला, पण आत ज्योतीराम नाइट शिफ्ट करून आलेला, बाजेवर बसला होता. त्यानं विचारलं, "कोन हाय?" मुमताज सरळ आत गेली.

"भाऊ, मी तुमच्या बायकोशी भांडायला नाही आले. दोन मिनिटं लेकीला बोलवा. तो चष्मा घालूनच बोलवा."

हौसा आली. मुमताजनं छबूबाईला सांगितलं, तुम्हीच तिचा उजवा डोळा झाका. छबूबाईनं नाखुशीनं चष्म्याच्या आत पदर धरला. मुमताजनं कोनाड्यातल्या डब्यातून गुळाचा खडा घेऊन पोरीसमोर हातभर अंतरावर धरला. "हौसा, गूळ घे."

पोरगी हात पुढं करून हवेत फिरवायला लागली. खड्याच्या या बाजूला, त्या बाजूला. "कुटं हाय? माय, कुटं हाय?" आणि मग ती रडायला लागली.

छबूबाईच्या हातातून पदर सुटला. ज्योतीराम बाजेवरून उठला. पोरीला त्यानं मारलं होतं, तांब्या सांडला म्हणून, ताट लवंडलं म्हणून, उंबऱ्याला ठेचाळते म्हणून. ते सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्यानं हौसाच्या नाकावरचा चष्मा काढला, एकवार पाहिला आणि पायाखाली घेतला. काच करकरली.

"आमी काय खेळणी हाव का ह्यांची?" तो दरवाजाकडे निघाला. "चाललो मी कॉलनीवर. बघतो कोन ती बाई!"

"ते नंतर," मुमताजनं त्याची वाट अडवली. "मीही येईन तुमच्याबरोबर. आधी रविवारी डॉक्टर."

छबूबाईनं पोरीला उचलून घेतलं होतं. ती मुमताजकडे न बघता म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले. मनात धरू नका."

"धरलंय," मुमताज म्हणाली. "पण या."

रविवारी युनूसच्या टेम्पोत कुरुळीची झाडून सगळी मुलं आली. ज्योतीरामनंच घरोघरी जाऊन आणली होती. निघोज्यातून दोन आली. रहमतबीनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "आमचा चष्मा आहे. आम्ही सुखी आहोत."

डॉक्टर दाभाड्यांनी हौसाला डाव्या बाजूला जाड भिंगाचा चष्मा दिला आणि चांगल्या, उजव्या डोळ्यावर रोज पट्टी बांधायला सांगितली. सांगायला सोपं होतं. पट्टी बांधली की पोरगी भिंतींवर आपटायची, किंचाळायची, पट्टी ओरबाडून काढायची. शेजारणी छबूबाईला म्हणायच्या, "चांगला डोळा बांधतीस आन् वाईट मोकळा सोडतीस? येडी का खुळी तू?" छबूबाईही दोनदा हरली. दोन्ही वेळा मुमताज एसटीनं कुरुळीला जाऊन बसली, पोरीला मांडीत घेऊन पट्टीसकट शेंगा निवडायला लावल्या आणि शेजारणींना असं झाडलं की त्या पुन्हा त्या ओट्याकडे फिरकल्या नाहीत. दुर्गाबाईंनी बालवाडीत फर्मान काढलं की हौसाला चिडवील त्याला खाऊ नाही. पावसाळा उलटला, दिवाळी गेली. एका सकाळी पट्टी बांधलेली असताना हौसानं वाटेवरचा बैल ओळखला, त्याची शिंगं रंगवलीत असंही म्हणाली. छबूबाई ते सांगायला चालत भोसरीपर्यंत आली.

मुमताजला आनंद झाला. पण रात्रंदिवस तिच्या डोक्यात निघोजे होतं.

कंपनीच्या मासिकात फोटो छापून आला होता. फरीदाच्या नाकावर चष्मा चढवणाऱ्या पाहुण्या बाई, आणि बाजूला सुमनताई हसताहेत. मुमताज चार वेळा निघोज्याला गेली. चारही वेळा रहमतबीनं तो फोटो दाखवला. "एवढ्या मोठ्या बाईनं दिला. ती खोटी आणि तू खरी?" इब्राहिम भला माणूस, पण बायकोपुढे बोलायचा नाही.

वर्ष पालटलं. एका दुपारी गॅरेजसमोर मोटार थांबली आणि सुमनताई उतरल्या. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं, चहा घेतला. मग म्हणाल्या, "मुमताज, गेल्या वर्षी जे झालं ते झालं. यंदा पुन्हा तपासणी करू. या वेळी डॉक्टरांना विचारूनच. कॉलनीतल्या कुणाला ते काम जमत नाही, खरं सांगते. आणि युनूसभाईंच्या कामाचं मी यांच्याशी बोलते."

"गॅरेजच्या कामाचं गॅरेजवाल्याशी बोला," मुमताज म्हणाली. "माझ्याबरोबर आत्ता निघोज्याला चला."

"आत्ता? कशाला?"

"तुम्ही जे सांगितलं नाहीत ते सांगायला. माझं तिथं कुणी ऐकत नाही. तुमचं ऐकतील."

सुमनताईंनी घड्याळ पाहिलं, युनूसकडे पाहिलं. तो एका स्कूटरच्या इंजिनात डोकं घालून बसला होता आणि डोकं वर काढत नव्हता. "बरं, चल," त्या शेवटी म्हणाल्या.

रहमतबीनं मोटार पाहून घाईनं दार उघडलं, सतरंजी टाकली, साखरेचं पाणी केलं. फरीदा आता शाळेत जायला लागली होती. तोच काळ्या काड्यांचा चष्मा तिच्या नाकावर होता, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

सुमनताई ग्लास हातात धरून बसल्या. मुमताजनं त्यांना मदत केली नाही.

"रहमतबी," त्या म्हणाल्या, "तो चष्मा खरा नाही. नुसती काच आहे. मला तेव्हाही माहीत होतं. हिचा डोळा डॉक्टरांना दाखवायला हवा होता. मी नेलं नाही."

रहमतबी ऐकत राहिली. तिनं फरीदाला जवळ ओढलं, चष्मा काढला, पदराच्या टोकानं तिचे दोन्ही डोळे पुसले. रडली नाही, ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग त्या दिवशी टाळ्या कशाला वाजवल्या, बाई?"

सुमनताईंनी ग्लास सतरंजीवर ठेवला. मुमताजला त्यांची कीव येईल असं एक क्षण वाटलं. ती आली नाही.

त्याच मोटारीनं चौघी चिंचवडला गेल्या. डॉक्टरांनी फरीदाला बराच वेळ तपासलं. "वर्षापूर्वी आणली असती तर डोळा वाचेल म्हणून मी पैजेवर सांगितलं असतं," ते म्हणाले. "आता पट्टी बांधू. थोडं परत येईल, सगळं येणार नाही." मग त्यांनी सुमनताईंना ओळखलं आणि ते पट्टी आणायला आत गेले.

बाहेर आल्यावर सुमनताई म्हणाल्या, "पट्टी रोज बांधायला कुणीतरी जायला हवं ना? मी येत जाईन आठवड्यातून दोनदा."

"रोज जायला हवं," मुमताज म्हणाली. "मंगळवार, शुक्रवार तुम्ही. बाकीचे दिवस मी. सकाळची एसटी सहाला असते. मोटार नका आणू, पोरगी तिच्यात खेळायला बघते, पट्टी काढते."

सुमनताईंनी मान डोलावली. मुमताज फरीदाला कडेवर घेऊन रहमतबीबरोबर स्टँडच्या दिशेनं निघाली. मागं वळून तिनं पाहिलं नाही. अजून ती त्या बाईशी हसून बोलायला तयार नव्हती, आणि तसं ती पुढंही फार दिवस बोलली नाही. मंगळवारी मुमताज हौसाला बघायला कुरुळीला जायची, तेव्हा एसटीत मात्र दोघी कधीकधी भेटायच्या, एक चढताना, एक उतरताना, आणि पट्टी किती वेळ राहिली तेवढं एकमेकींना सांगायच्या.